जुनी हार्ड डिस्क जोडली की विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणतं: आतल्या फाइली कशा काढायच्या

लक्षणं साधारण अशी असतात. घरातला जुना कॉम्प्युटर बंद पडून बरीच वर्षं झालेली. आता त्यातले मुंजीचे फोटो, आजोबांनी टाइप करून ठेवलेलं लिखाण किंवा दुकानाचा जुना हिशेब हवा आहे. डिस्क काढून यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडली की एकतर ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ अशी चौकट येते, नाहीतर फोल्डर उघडता उघडता लॅपटॉपच गोठतो, नाहीतर डिस्क दिसते आणि अर्ध्या मिनिटात गायब होते. पुन्हा जोडली की पुन्हा तेच.

यावर ओळखीचा कुणीतरी हमखास सांगतो की चेकडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्रॅम) मार, होईल नीट. कृपया मारू नका. माझ्याकडे ज्या डिस्क येतात त्यांतल्या न वाचणाऱ्या बऱ्याचशा आधी कुणीतरी ‘नीट’ केलेल्या असतात. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याच्या डिस्कवरच्या नोंदी, सुसंगत करणं हे आहे, तुमचे फोटो वाचवणं नाही. ज्या नोंदी जुळत नाहीत त्या ती कापून टाकते, आणि मग ‘फाउंड डॉट शून्य शून्य शून्य’ नावाच्या फोल्डरात सीएचके एक्स्टेन्शनचे निनावी तुकडे उरतात. खाली जे लिहिलंय ते सगळं एकाच नियमाभोवती आहे: मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही, ती शक्य तितका कमी वेळ फिरवायची, आणि तिची पूर्ण प्रत हातात आल्यावर जी काही खटपट करायची ती प्रतीवर करायची.

डिस्क गेलीय की कॉम्प्युटर?

‘हार्ड डिस्क उडाली’ हे निदान फार स्वस्तात केलं जातं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या डेस्कटॉपमध्ये सगळ्यात आधी संपतो तो मदरबोर्डवरचा सीमॉस सेल, सीआर २०३२ नावाचा, बटणासारखा. तो संपला की बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम, आपल्या सेटिंग विसरतं. तारीख मागे जाते, बूटचा क्रम बदलतो, आणि सॅटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलट गेला की विंडोज सुरू होताना निळी स्क्रीन येते, जिच्या कोडच्या शेवटी ७बी असतं. डिस्क ठणठणीत असते. सेल बदलला, मोड पूर्ववत केला की मशीन सुरू. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बसला असेल, रॅमच्या पट्ट्यांवर गंज चढला असेल, तरी ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ एवढंच दिसतं. लॅपटॉपवर चहा सांडला, स्क्रीन गेली, बोर्ड जळला, तरी आतली डिस्क बहुतेक वेळा जिवंत असते.

मग जुनं मशीनच चालू करून बघावं का? त्यात नुकतं काही बिघडलंय अशी शंका असेल तर नको. विंडोज सुरू होताना शेकडो ठिकाणी लिहीत असतं, आणि डिस्कवर ‘तपासणी बाकी’ अशी खूण असेल तर तुम्हाला न विचारता दुरुस्तीला लागतं. याच कारणासाठी जुनी डिस्क दुसऱ्या मशीनच्या आत बसवून ते चालू करू नका. आधी चांगलं मशीन पूर्ण सुरू होऊ द्या, मग डिस्क बाहेरून जोडा.

जोडणी: निम्मे घोटाळे इथेच

साधारण २००५ च्या आधीच्या डेस्कटॉपमध्ये रुंद पट्टीची आयडीई केबल असते, ४० पिनांची. त्यानंतरच्यांत अरुंद सॅटा. जुन्या लॅपटॉपमधल्या छोट्या आयडीई डिस्कला ४४ पिना असतात, कारण वीज त्याच सॉकेटातून जाते. शेजारच्या चार सुट्या पिना जंपरच्या (डिस्कचं सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या टोपीच्या) असतात, आणि केबल दोन पिना सरकवून लावली तर डिस्क जाऊ शकते. आयडीई आणि सॅटा दोन्ही घेणारा यूएसबी अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन सहज मिळतो. आयडीई डिस्कच्या पाठीमागचा जंपर ‘मास्टर’वर ठेवा. काही वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कना एकटं असताना जंपर काढूनच टाकावा लागतो; लेबलवर आकृती असते.

आता विजेचं. डेस्कटॉपच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. यूएसबी पोर्ट फक्त ५ व्होल्ट देतो, म्हणून अशा डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतोच. अडीच इंची डिस्क यूएसबीवर चालते, पण यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर आणि ३.० ची ९००. सुरू होताना जुनी डिस्क याहून जास्त ओढू पाहते. वीज कमी पडली की ती फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरते, आणि प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज येतो. हा आवाज ऐकून डिस्कचं हेड (चकतीवरून डेटा वाचणारा भाग) गेलं असं समजून लोक लॅबचे पैसे भरायला निघतात. आधी डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावून बघा, हबमधून नको, केबल बदला, मोठ्या डिस्कचा अडॅप्टर किमान २ अँपिअरचा आहे ना ते बघा. डिस्क दिसून गायब होण्याच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

पोर्टेबल डिस्कचा एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. सॉकेट सैल झालं की केसिंग फोडायचं आणि आतली सॅटा डिस्क थेट जोडायची, हा सल्ला सगळीकडे चालत नाही. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्याच बोर्डावर असतं, आत सॅटा नसतंच. वेस्टर्न डिजिटलच्या अनेक माय पासपोर्ट आणि माय बुक मॉडेलांत तर तुम्ही कधी पासवर्ड ठेवला नसला तरी डेटा यूएसबीच्या चिपमधून एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक रूपात, लिहिला जातो. ती चिप बाजूला ठेवून डिस्क वाचली तर निव्वळ कचरा दिसतो. तिथे सॉकेटच दुरुस्त करून घ्यावं लागतं, आणि मूळ बोर्ड फेकायचा नसतो.

डिस्क दिसते, पण फॉरमॅट मागते

चौकटीत ‘कॅन्सल’ दाबा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटने ‘इनिशियलाइज’ करू का विचारलं तरी कॅन्सल. मग कान लावून ऐका. एकसारखी घरघर असेल तर पुढे जा. ठरावीक अंतराने टक्-टक्, खरखर किंवा बारीक पीं-पीं असेल तर केबल काढा आणि खाली आवाजाबद्दल लिहिलंय ते वाचा.

आवाज ठीक असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालवा. तो डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी वाचतो. बाकीच्या ओळी सोडा, ०५, सी५ आणि सी६ एवढ्या बघा. ०५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न येऊन अडकलेले, सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. सी५ मध्ये शून्याहून जास्त काही असेल तर ‘फॉरमॅट करा’ या चौकटीमागचं कारण बहुतेक तेच. फाइलींची अनुक्रमणिका जिथे असते नेमका तोच भाग वाचता येत नाहीये. काही स्वस्त अडॅप्टर या नोंदी दाखवत नाहीत. आणि तीनही शून्य असले म्हणजे डिस्क निरोगीच असं प्रमाणपत्र मिळत नाही.

तीनही शून्य आहेत, फोल्डर उघडतायत, कुठे अडत नाही, असं असेल तर उगाच सोपस्कार करू नका, सरळ कॉपी करा. सगळ्यात मौल्यवान फोल्डर आधी, सिनेमे आणि गाणी शेवटी. फक्त माउसने ओढून कॉपी करण्यापेक्षा विंडोजमधलीच रोबोकॉपी बरी, कारण एका फाइलवर अडलं तरी ती पुढे जाते. मात्र तिला पुन्हा प्रयत्नांची संख्या १ आणि थांबण्याचा वेळ १ सेकंद असं स्पष्ट सांगा. काही सांगितलं नाही तर ती एकेका खराब फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. आजारी डिस्कला हेच सगळ्यात जास्त मारतं.

आकडे वाईट असतील किंवा चौकट येतच असेल तर पूर्ण प्रत घ्यायची. यासाठी माझी पसंती ग्नू डीडीरेस्क्यूला आहे. फुकट आहे, लिनक्सवर चालतो, आणि या कामासाठीच लिहिलेला आहे. लिनक्स बसवावं लागत नाही. सिस्टिमरेस्क्यू नावाचं लाइव्ह लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरून मशीन सुरू करायचं. डीडीरेस्क्यू त्यात असतो, आणि जोडलेल्या डिस्क ते आपणहून उघडत नाही, हा मोठा फायदा.

प्रत ठेवायला दुसरी डिस्क हवी, आणि तिच्यावर जुन्या डिस्कच्या पूर्ण क्षमतेइतकी जागा मोकळी हवी. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये फक्त ४० जीबी भरलेली असली तरी प्रत ५०० जीबीचीच होते, कारण भरलेलं कुठे आहे हे आपल्याला अजून वाचता आलेलं नाही. ही दुसरी डिस्क फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि काम सुरू होताच अडतं.

‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या डिस्कची यादी येते. आकारावरून ओळखा: ५०० जीबीची डिस्क तिथे ४६५ च्या आसपास दिसेल, ८० ची ७४ च्या. मग डीडीरेस्क्यूला तीन गोष्टी याच क्रमाने सांगायच्या: आधी जुनी डिस्क, मग प्रतीच्या फाइलचं नाव, मग नोंदवहीच्या म्हणजे मॅपफाइलच्या फाइलचं नाव. क्रम उलटा झाला तर रिकामी जागा जुन्या डिस्कवर लिहिली जाईल, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ मोठ्याने वाचा. एक सोय आहे: डिस्कवर थेट लिहायचं असेल तर हा प्रोग्रॅम आधी ‘फोर्स’ हा पर्याय मागतो. आपण फाइलमध्ये प्रत घेतोय, आपल्याला तो लागत नाही. तो मागायला लागला तर क्रम चुकलाय.

मॅपफाइल कधीही गाळू नका. कुठला भाग वाचून झाला, कुठला राहिला हे तीत लिहिलेलं असतं; वीज गेली, डिस्क तापली, केबल निसटली तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम सोडलं तिथून सुरू होतं. पहिल्या फेरीत लहान लिपीतलं ‘एन’ हे अक्षर पर्याय म्हणून द्या. मग तो सोपं सोपं वाचून घेतो आणि खराब जागा कुरतडत बसत नाही. डिस्कमधला ९०-९५ टक्के डेटा बहुतेक वेळा याच फेरीत सुखरूप येतो. त्यानंतर ‘एन’ काढून आणि ‘आर ३’ देऊन दुसरी फेरी. डिस्कवर छोटा पंखा सोडा. यूएसबी २.० वरून ५०० जीबीला साडेचार-पाच तास लागतात, तेही डिस्क निरोगी असेल तर. खराब डिस्क दोन-तीन दिवसही घेते. मध्येच वेग काही केबींवर आला आणि सोबत टक्-टक् सुरू झाली तर थांबवा. आलं तेवढं आलं.

प्रतीतून फाइली काढणं

प्रतीची फाइल परत विंडोजवर आणा. फाइल सिस्टिम फारशी बिघडलेली नसेल तर सेव्हन-झिपसारखा साधा प्रोग्रॅमही ती उघडून आतली फोल्डरं दाखवतो. नाही उघडली तर डीएमडीई. हा प्रोग्रॅम एनटीएफएसच्या (विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या) विखुरलेल्या नोंदी शोधून फोल्डरांची रचना नावांसकट उभी करतो, आणि फुकट आवृत्तीतही घरगुती कामापुरतं बरंच निघतं. विभागणीचा तक्ताच गेला असेल, म्हणजे सी-डी-ई असे ड्राइव्हच दिसत नसतील, तर टेस्टडिस्क हा प्रोग्रॅम.

फोटोरेक हा प्रोग्रॅम शेवटी. बरेच जण त्यापासून सुरुवात करतात, कारण तो काहीतरी हमखास काढून देतो. पण तो फोल्डर बघतच नाही. फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून जे सापडेल ते उचलतो. नावं जातात, तारखा जातात, आणि तुमच्या मुंजीच्या फोटोंसोबत ब्राउझरच्या साठ्यातली हजारो बटणं आणि जाहिराती एकाच ढिगात येतात. ढीग आकारानुसार लावा. १०० केबीच्या खालचं आधी बाजूला काढा. फोटो निम्मा दिसून खाली राखाडी पट्टा असेल तर ती फाइल तुकड्यांत साठलेली होती किंवा तो भाग वाचला गेला नाही. एक्सपीच्या काळातल्या फोल्डरांत ‘थंब्ज डॉट डीबी’ नावाची लपलेली फाइल असते, तिच्यात फोटोंच्या पिटुकल्या प्रतिमा असतात. मूळ फोटो गेलाच असेल तर निदान त्यात कोण होतं ते कळतं.

शोधायचं कुठे? आपल्याकडे कॉम्प्युटरवाले डिस्कचे सी, डी, ई असे भाग करून देत आणि ‘महत्त्वाचं डीमध्ये ठेवा’ असं बजावत, कारण काही झालं की ते सी फॉरमॅट मारत. लोक मात्र सगळं डेस्कटॉपवर ठेवत, आणि डेस्कटॉप सीवरच असतो. म्हणून डी बघून झालं की एक्सपीमध्ये सीवरचं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’, व्हिस्टापासून पुढे ‘युजर्स’. फॉरमॅट न करता नवं विंडोज चढवलं असेल तर ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये जुनं घर जसंच्या तसं सापडतं. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं विंडोज म्हणालं तर घाबरू नका, जुन्या खात्याचा पासवर्डही लागत नाही. लिनक्समधून किंवा डीएमडीईने प्रत उघडली की हा प्रश्नच येत नाही. फक्त फाइलींची नावं हिरव्या रंगात असतील तर त्या विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या आहेत, आणि जुन्या खात्याच्या प्रमाणपत्राशिवाय उघडणार नाहीत.

चुकून फॉरमॅट झाली असेल तर कसली फॉरमॅट, हे महत्त्वाचं. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका नवी होते, डेटा जागेवर राहतो. पूर्ण फॉरमॅट एक्सपीमध्ये केली असेल तरीही आशा आहे. व्हिस्टापासून मात्र पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहिते, तिथे शोधण्यासारखं काही उरत नाही.

टक्-टक्, पीं-पीं किंवा पूर्ण शांतता

वीज तपासूनही टक्-टक् येत असेल तर हेड निकामी आहे किंवा चकतीवरच्या स्वतःच्या खुणा त्याला वाचता येत नाहीत. चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट चकतीवर ओरखडा काढू शकतं. पीं-पीं म्हणजे मोटर फिरू पाहतेय आणि फिरत नाहीये. बहुधा हेड चकतीला चिकटलंय. इथे घरगुती काहीही नाही. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायची, टपली मारायची, झाकण उघडून बोटाने फिरवायची, असे व्हिडिओ बघायला मजेदार असतात. हेड आणि चकतीमध्ये काही नॅनोमीटरचं अंतर असतं, धुराचा कणही त्यात मावत नाही. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर आपल्या हवेत दव धरतं, आत आणि बाहेर दोन्हीकडे.

काहीच आवाज नाही, कंपनही नाही, तर दोष बोर्डात असण्याची शक्यता जास्त, आणि ती त्यातल्या त्यात चांगली बातमी. नेहमीचं कारण चुकीचा अडॅप्टर: १२ व्होल्टच्या बाहेरच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावला, पीन बसली, वास आला. बोर्डावर अशाच वेळेसाठी एक डायोड असतो. तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. सोल्डरिंग येणारा माणूस तो काढून टाकतो आणि योग्य अडॅप्टरवर डिस्क एवढ्यापुरती सुरू होऊ शकते. तो डायोड पुन्हा बसवेपर्यंत तिला संरक्षण नसतं, म्हणून सुरू झाली की लगेच प्रत घ्या. तसाच दुसरा बोर्ड आणून लावायचा उपाय फार जुन्या डिस्कवर चालायचा. त्यानंतरच्या बोर्डावर त्या एका डिस्कची स्वतःची माहिती असलेली चिप असते, ती नव्या बोर्डावर हलवल्याशिवाय उपयोग नाही.

मुंबई-कोकणात आणखी एक गोष्ट दिसते. बोर्डाच्या आतल्या बाजूला जिथे हेडचे संपर्क टेकतात, तिथे दमट हवेने काळपट थर चढतो. बोर्डाचे टॉर्क्स स्क्रू काढून ते ठिपके स्वच्छ खोडरबराने घासायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, बोर्ड परत लावायचा. स्क्रू फक्त बोर्डाच्या बाजूचे. लेबलच्या बाजूच्या झाकणाला हात नाही.

डिस्क फिरते, आवाज निरोगी, पण बायोसला दिसत नाही किंवा क्षमता शून्य दिसते, हा फर्मवेअरचा, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमचा, प्रकार. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मालिकेत २००८-०९ मध्ये हा दोष गाजला होता. चालती डिस्क एके दिवशी चालू करताना अडकून बसायची, आत सगळं शाबूत. अशी जुनी डिस्क तुमच्याकडे असेल तर टाकून देऊ नका. डेटा काढणाऱ्यांना या मालिकेचा इलाज पाठ आहे.

लॅबमध्ये देताना विचारायचे प्रश्न थोडेच. तपासणीचे पैसे किती, डेटा नाही मिळाला तर किती, हेड बदलायची वेळ आली तर ते काम इथे होतं की पुढे पाठवतात, आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसणार का. पावतीवर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या. काउंटरवर पंख्याखाली झाकण उघडायला निघालेल्या माणसाच्या हातातून डिस्क घेऊन बाहेर पडा. हेड बदलण्याचं बिल हजारांत जातं, म्हणून आत नक्की काय आहे आणि ते दुसरीकडे कुठे, एखाद्या नातेवाइकाच्या सीडीवर वगैरे, आहे का हे आधी आठवा. लग्नाच्या शूटिंगच्या प्रती बऱ्याचदा दोन्ही घरांत असतात.

पुरात बुडालेली डिस्क

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, नंतर २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूणला, पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिलं काम केलं ते कॅबिनेट उन्हात ठेवण्याचं. डिस्कच्या बाबतीत ते उलटं पडतं. डिस्क सहसा हवाबंद नसते. हवेचा दाब सांभाळायला तिला एक बारीक छिद्र असतं आणि बुडाली की त्यातून पाणी आत शिरतं. वाळलं की गाळ आणि क्षार चकतीवर चिकटून बसतात. म्हणून वाळवू नका, तांदळात ठेवू नका, हेअर ड्रायर नको, आणि ‘चालू होते का बघू’ तर अजिबात नको. बाहेरून स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, ओलसर असतानाच घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तशीच लॅबमध्ये पोचवा.

एसएसडी आणि नवे लॅपटॉप

वरचं बरंचसं फिरत्या डिस्कबद्दल आहे. एसएसडीवरून (चिपवर डेटा ठेवणाऱ्या, न फिरणाऱ्या डिस्कवरून) पुसलेली फाइल ट्रिम या रिकामी जागा साफ करणाऱ्या सोयीमुळे थोड्याच वेळात कायमची जाते. ती परत आणून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमला पैसे देण्याआधी त्याच्या फुकट आवृत्तीत फाइलचा आशय खरंच उघडून दिसतो का ते बघा. एसएसडी मरतानाही आवाज करत नाही. काल होती, आज नाही.

नव्या विंडोज लॅपटॉपांत डिस्क बऱ्याचदा आपोआप विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असते. डिस्क काढून दुसरीकडे लावली की ४८ अंकी किल्ली मागते. ती त्या लॅपटॉपवर पहिल्यांदा ज्याचं मायक्रोसॉफ्ट खातं घातलं त्याच्या खात्यात असते, आणि ते खातं अनेकदा लॅपटॉप ‘सेट करून देणाऱ्या’ मुलाचं, भाच्याचं किंवा ऑफिसचं असतं. तिथे विचारा. २०१८ पासूनच्या बहुतेक मॅकबुकांत साठवण बोर्डालाच जोडलेली आणि एन्क्रिप्ट केलेली असते. तिथे डिस्क वाचवणं म्हणजे बोर्ड जिवंत करणं.

फाइल मिळाली, पण आत गिचमिड आहे

हे आपल्या लोकांच्या वाट्याचं खास दुखणं. इतक्या खटपटीने वडिलांचं लिखाण असलेली वर्ड फाइल निघते, उघडावी तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कालवा. माणसं समजतात फाइल करप्ट झाली, आणि काढून टाकतात. ती धडधाकट असते. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीचा आजचा एकच संकेत) रुळण्याआधी मराठी टाइप व्हायचं ते पुण्याच्या मॉड्युलरचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत. फाइलमध्ये साठायचे रोमन अक्षरांचेच क्रमांक, फॉन्ट त्यांना मराठीचा आकार द्यायचा. फॉन्ट नाही तर मराठी नाही.

म्हणून डिस्कच्या प्रतीतून फाइलींसोबत विंडोज फोल्डरातलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर जरूर उचला. हवा असलेला फॉन्ट तिथेच असतो. तो बसवला, फाइल पुन्हा उघडली की मजकूर दिसतो. पहिल्यांदा पीडीएफ करून ठेवा, म्हणजे निदान वाचण्यापुरतं कायमचं सुरक्षित झालं. त्यानंतर युनिकोडमध्ये बदला. परिवर्तक निवडताना फॉन्टचं नाव नेमकं जुळवा, कारण श्रीलिपी आणि आयएसएम यांची मांडणी एकमेकांशी जुळत नाही. बदललेला मजकूर पीडीएफ शेजारी ठेवून तपासा. चुका बहुतेक रफारात, पहिल्या वेलांटीत आणि ‘ऱ्या’सारख्या जोडाक्षरांत होतात. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या प्रोग्रॅममधल्या पत्रिका आणि स्मरणिका लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये उघडून बघा, मांडणी थोडी हलते पण मजकूर हाती येतो.

टॅलीचा हिशेब हवा असेल तर टॅलीच्या ‘डेटा’ फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या नावांची फोल्डरं असतात, एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनी. ते फोल्डर अख्खंच लागतं. फोटोरेकने काढलेल्या सुट्या फाइलींतून कंपनी उभी राहत नाही, म्हणून हिशेबासाठी डीएमडीईच. नव्या टॅलीत उघडताना ती डेटा नव्या पद्धतीत बदलून घेते, तेव्हा उघडायला वेगळी प्रत द्या.

सगळं झाल्यावर प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरातल्या दहा-बारा फाइली खरोखर उघडून बघा, नुसती नावं आणि आकार बघून समाधान मानू नका. डिस्कची पूर्ण प्रत काही महिने तरी पुसू नका. कुणाला तरी आणखी एक फोल्डर आठवतंच. जुनी डिस्क भंगारात द्यायची वेळ आली तर बंद पडलेली आहे म्हणून तशीच देऊ नका. तुम्ही वर जे केलं ते दुसऱ्यालाही करता येतं. झाकणातून आरपार, चकतीतून जातील अशी दोन-तीन भोकं ड्रिलने पाडा, आणि ड्रिल करताना चष्मा घाला, कारण लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बहुधा काचेच्या असतात.